सर्वांना आवडणारा माळी

अमरावती, ता. ९ मार्च १९३९

ती. सौ. वच्छलाताईस भगवंताचा साष्टांग नमस्कार.

पुण्याहून निघालो तो इथे अमरावतीत येऊन पडलो आहे. गाडी अकोल्यावरूनच आली. स्टेशनात थांबली तेव्हा मी खिडकी लावून घेतली. फलाटावर कुणी ओळखले असते, तर पुन्हा तेच सगळे सुरू झाले असते. आपले गाव मागे गेले आणि मी पाहिलेसुद्धा नाही, याचे वाईट वाटले. पण ताई, मी फार थकलो आहे.

खुशालराव म्हणून इथल्या टॉकीजचे मालक आहेत. त्यांनी टॉकीजच्या मागची खोली दिली. मोठ्या मनाचे गृहस्थ, पण खोलीत झोप नाही. भिंतीपलीकडे आमचाच बोलपट चालू असतो. खेळ ऐन रंगात आला की माझा आवाज येतो, ‘मले काहून पुसता बाईसाहेब? फुलाईले पुसा!’ आणि सारे टॉकीज खदखदते. मी उशी कानावर घेऊन पडून राहतो.

धोंड्या माळ्याच्या त्या एवढ्याशा कामाने मला इतके प्रसिद्ध केले की आता भगवंत म्हणून कुणी हाक मारत नाही. परतवाड्याहून एक लाकडाचे व्यापारी मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, मी माझ्या बैलाचे नाव धोंड्या ठेवले. मी म्हटले, बैल चांगला आहे ना? ते म्हणाले, लय गरीब.

त्यात इथल्या एका साप्ताहिकाने नवाच वाद काढला आहे. ‘सर्वांना आवडेल असा नट असू शकतो काय?’ दर आठवड्याला वाचकांची पत्रे छापतात. एक वकील म्हणतात, अशक्य. एक हेडमास्तर म्हणतात, शक्य आहे आणि तो वऱ्हाडातच जन्मला आहे. म्हणजे मी. खुशालरावांना तेवढेच निमित्त पुरले. एप्रिलच्या पहिल्या रविवारी टॉकीजमध्ये माझा सत्कार ठरवला आहे.

त्यांची इच्छा अशी की बाबांनी यावे, स्वतः गुंफलेला हार आणावा आणि तो मला घालावा. इच्छा त्यांची म्हणून लिहितो, पण माझीही आहे. मी नाटक कंपनीत पळून गेलो, त्या दिवसानंतर बाबा माझ्याशी धड बोललेले नाहीत. बोलपट अकोल्यात येऊन गेला. त्यांनी पाहिला का? पाहिला असेल तर काय म्हणाले? तू याबद्दल अवाक्षर लिहिले नाहीस.

आणखी एक. पुण्याची आमची फिल्म कंपनी नवा बोलपट काढते आहे, त्यात धोंड्या माळी सबंधभर आहे. कराराचा कागद माझ्या पेटीत आहे. एप्रिलअखेर उत्तर द्यायचे आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा
भगवंत


जुने शहर, अकोला, ता. १५ मार्च १९३९

चि. भगवंतास वच्छलेचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. अकोल्यावरून गेलास आणि खिडकी लावून घेतलीस, हे वाचून मी तुला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. त्या आता परत घेत नाही.

बाबांना सत्काराला येणे जमणार नाही. लग्नसराई तोंडावर आहे, मोगरा आत्ताच सुरू झाला आहे, आणि त्यांचा घसा बसला आहे. बाकी प्रकृती ठीक. बोलपट आम्ही सगळ्यांनी पाहिला. छान आहे. बाबांनीही पाहिला. त्यांना आवडला असावा. म्हाताऱ्या माणसाचे काय सांगावे, ते काही बोलून दाखवत नाहीत.

सर्वांना आवडणाऱ्या माणसाचे म्हणशील, तर असा माणूस माझ्या पाहण्यात नाही. तुझे भाऊजी सगळ्या पेठेला आवडतात. घरात मला विचार. तू कराराचा कागद पेटीतच राहू दे, घाई करू नकोस. पुण्याला दुसरी कामे मिळतच नाहीत का? राजाचे, नाहीतर निदान पोलिसाचे?

खाण्यापिण्याची हयगय करू नकोस. उन्हे वाढली आहेत.

तुझी
वच्छला


अमरावती, ता. २० मार्च १९३९

ती. सौ. ताईस भगवंताचा नमस्कार.

बाबांच्या घशासाठी ज्येष्ठमध आणि कंकोळ पाठवीत आहे. इथल्या वैद्यांनी दिले. तेही आधी नाडी बघायचे सोडून म्हणाले, ‘वैद्याले काहून पुसता, फुलाईले पुसा!’ आणि स्वतःच हसले. मीही हसलो. हसावे लागते. न हसलो, तर म्हणतात, प्रसिद्धी डोक्यात गेली.

‘आवडला असावा’ हे तुझे दोन शब्द मी पुष्कळदा वाचले. मला वाटते, बाबा अजून रागावलेलेच आहेत. माळ्याच्या पोराने तोंडाला रंग लावला, हे त्यांना सलत असणार. पण मी रंग लावूनही माळीच झालो ना? दुसरे नट राजे होतात. मी बाबा झालो. हे त्यांना कुणी सांगितले का? तू तरी सांग.

राजाचे काम विचारतेस. एकदा मागितले होते. दिग्दर्शक म्हणाले, तुम्ही तोंड उघडले की मुकुट खाली पडेल.

खुशालराव येत्या आठवड्यात कामानिमित्त अकोल्याला येत आहेत. बाबांना बाजारात भेटून स्वतः आमंत्रण देईन म्हणतात. मी नको म्हटले, पण हा माणूस नको ऐकत नाही. जरा सांभाळून घे. त्यांच्या मनात वाईट काही नसते.

भगवंत


जुने शहर, अकोला, ता. २८ मार्च १९३९

चि. भगवंतास आशीर्वाद.

तुझे खुशालराव येऊन गेले. आता मी सांभाळून लिहिणार नाही. सांभाळून लिहायचा मला कंटाळा आला.

ते आले ते चारचौघांना गोळा करीतच आले. बाबांच्या दुकानापुढे उभे राहिले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, ‘शालिकरामजी, आमच्या अमरावतीले तुमचा पोरगा आवडते. पण अस्सल माल तं तुमी! एकदा तुमच्या तोंडून होऊन जाऊ द्या ते वाक्य.’ लोक जमले. नत्थुजी पलीकडच्या फुलांच्या दुकानातून म्हणाले, ‘होऊन जाऊ द्या, बाप्पा!’ बाबांनी टोपलीवर ओले फडके टाकले, टोपली डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून घरी निघून आले. खुशालराव मागे उभेच. मी दुकानातच होते, मला म्हणाले, ‘बाई, माहं काही चुकलं काय?’ त्यांना खरेच कळले नव्हते.

बाबांचा घसा बसलेला नाही, भगवंता. ज्येष्ठमध मी कपाटात ठेवून दिले. अकोल्यात बोलपट लागला, त्यानंतर बाबांनी बाजारात तोंड उघडलेले नाही. भाव विचारला की बोटे दाखवतात. ‘मोगरा ताजा आहे का?’ म्हणून कुणी विचारले, तर मान हलवतात. तुला आठवत असेल, पूर्वी ते काय म्हणायचे. मले काहून पुसता, फुलाईले पुसा. तेवढ्यावर गिऱ्हाईक हसून माळ घेऊन जायचे. आता गिऱ्हाईकच ते आधी म्हणते. शाळेतली पोरे म्हणतात, कचेरीतले कारकून म्हणतात. बाबांचे वाक्य बाबांना उरले नाही. घरातही पाणी हवे असले तर तांब्या पुढे करतात. न बोलणाऱ्याकडून फुले घ्यायला लोकांना अवघडते, म्हणून ते नत्थुजींकडे जातात.

तू विचारलेस ना, बाबा काय म्हणाले? ऐक. पहिल्याच दिवशी गेलो होतो. बाबांनी धुतलेले धोतर नेसले, पागोटे बांधले. ते पुढे जमिनीवर बसले, मी बायकांच्या बाजूला. तुझ्यावर चोरीचा आळ येतो आणि बाईसाहेब जाब विचारतात, तो प्रसंग आला. तू ते वाक्य म्हटलेस. जमिनीवरचे सगळे गप्प होते. मला तर रडू फुटले. कुणाला हसायला येईल, असे त्यात होतेच काय? तेवढ्यात मागे खुर्च्यांवर हसू झाले. तिथे साहेब आणि वकील मंडळी असतात. जमिनीवरच्या लोकांनी माना वळवून मागे पाहिले. हसायचे असते काय हे, असे. आणि मग तेही हसले. सगळे हसले. बाबांचे खांदे हलताना मला अंधारात दिसले. रडत होते बिचारे.

घरी येताना मोर्णेच्या पुलावर मी म्हटले, बाबा, भगवंताने तुमची बोली किती सुरेख उचलली. ते काही बोलले नाहीत. ते आजतागायत.

म्हणून सांगते, तो दुसरा बोलपट घेऊ नकोस. एका वाक्याने हे केले. सबंध बोलपट लागला तर बाबा बाजारात जाणेच सोडतील. मोठी बहीण म्हणून सांगते आहे, आणि हात जोडूनही सांगते आहे.

वच्छला


अमरावती, ता. ५ एप्रिल १९३९

ती. सौ. ताईस,

तुझे पत्र सत्काराच्या आधी आले. ते खिशात घेऊनच मी व्यासपीठावर बसलो होतो.

मी थट्टा केली नव्हती गं. लेखकांनी धोंड्याच्या तोंडी लिहिले होते, ‘मला का विचारता? फुलांना विचारा.’ मी म्हटले, माळी असा बोलत नाही. दिग्दर्शक म्हणाले, मग कसा बोलतो? मी डोळे मिटले, तर समोर बाबा. टोपलीवर पाणी शिंपडत बसलेले. मी त्यांच्यासारखे बोललो. चोर म्हटल्यावर बाबांना काय वाटेल, ते मनात आणून मी रडवेल्या आवाजात ते वाक्य म्हटले. आणि दिवे धरणारी माणसे हसली. दिग्दर्शक खूश झाले. म्हणाले, हेच ठेवा, फक्त डोळे जरा मोठे करा. मी डोळे मोठे केले नाहीत. पुन्हा पाहिलास तर नीट बघ, केलेले नाहीत. तरी लोक हसले. मी रडण्याचे काम केले आणि हसवणारा ठरलो. हे मी पुण्यात कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर त्यावरही हसले असते.

सत्कार झाला. हेडमास्तर बोलले की वऱ्हाडी भाषेला आज मान मिळाला. वकील बोलले की सर्वांना आवडणारा नट असूच शकत नाही, परंतु आजचा दिवस अपवाद. मग सगळे टॉकीज ओरडू लागले, ‘फुलाईले! फुलाईले!’ मी उठलो. ताई, माझ्या तोंडून ते निघेना. मी गळ्याला हात लावला आणि खूण केली की घसा बसला आहे. लोकांना तेही आवडले. टाळ्या थांबेनात. खुशालरावांनी बाजारातला हार घातला, जरीचा.

पुण्याला नकार कळवला आहे. कागद सही न करता परत पाठवला. बाबांना हे सांग. आणि एकच गोष्ट विचार. सगळ्या वऱ्हाडाने मला सांगितले की मी त्यांना आवडतो. बाबांना मी आवडलो का? हो किंवा नाही, जे असेल ते. मला राग येणार नाही. फक्त कळू दे.

भगवंत


अकोला, ता. १२ एप्रिल १९३९

चि. भगवंतास आशीर्वाद.

कार्डावर लिहिते, कारण लिहायला फारसे काही नाही. तुझा नकार बाबांना सांगितला. त्यांनी मान हलवली. तुझा प्रश्न विचारला. ते उठले आणि वाफ्यांना पाणी सोडायला गेले. वाफे सकाळीच भिजवलेले होते. पुन्हा विचारण्याचा मला धीर नाही. तू बरे केलेस.

वच्छला


अमरावती, ता. ८ मे १९३९

ती. सौ. ताईस भगवंताचा नमस्कार.

मधे लिहिले नाही. लिहिण्यासारखे वाटत नव्हते.

कंपनीचे उत्तर आले. माझ्या नकाराचे त्यांना फारसे काही वाटलेले नाही. धोंड्या माळी लोकांना हवा आहे, तो काढायचाच आहे, म्हणून पुण्याचाच एक नट घेतला. चांगला मुलगा आहे, मी ओळखतो. वऱ्हाड त्याने नकाशात पाहिला असेल. त्याचेही पत्र सोबत आहे. लिहितो की, ‘भगवंतराव, आपण महिनाभर पुण्यास येऊन मला ती मजेदार भाषा शिकवावी. मी सध्या प्रत्येक शब्दाला ले लावून बोलतो, त्याने आमच्या घरी सर्वांची हसून पुरेवाट होते.’

मी नाही म्हटले, पण त्या नकाराने बाबांचा काहीएक बचाव झाला नाही. उलट आता जो बोलेल, त्याने बाबांना पाहिलेलेही नाही. गेलो, तर बाबांना पुन्हा बाजारात उभे केल्यासारखे होते. न गेलो, तर तो प्रत्येक शब्दाला ले लावणार. मला यातले काही ठरवता येत नाही. ठरवायची शक्तीच राहिलेली नाही.

साप्ताहिकाने वाद बंद केला. निकाल असा की सर्वांना आवडेल असा नट होणे नाही. अपवाद दिलेला नाही. मी वाचून अंक खुशालरावांना दिला. ते बिचारे माझ्यापेक्षा जास्त हिरमुसले.

महिनाअखेर पुण्याच्या मुलाला नाही म्हणून लिहीन म्हणतो. मग मुंबईला कुठेतरी पडद्यामागचे काम बघेन. अकोल्याला तोंड दाखवण्याचे तूर्त मनात नाही. बाबांना यातले काही वाचून दाखवू नकोस.

भगवंत


जुने शहर, अकोला, ता. १३ मे १९३९

चि. भगवंतास वच्छलेचे आशीर्वाद.

वाचून दाखवू नकोस म्हणालास, म्हणून वाचून दाखवले. तू मुंबईला जाऊन पडद्यामागे लपणार आणि मी इथे बोटे मोजत बसणार, हे मला जमणार नाही. त्या पुण्याच्या मुलाचे पत्रही वाचले, अगदी त्या ‘ले’सकट, आणि तुझी आधीची पत्रेही; मी तुला काय लिहिले तेही सांगितले.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, ‘दौत आन.’ एवढ्या दिवसांनी घरात त्यांचा आवाज ऐकून तुझे भाऊजी ओसरीवरून आत आले. मी लिहायला बसले तर म्हणाले, ‘मी बोलतो तसंच लिही. शुद्ध-बिद्ध करू नोको.’ म्हणून इथून पुढे माझा फक्त हात आहे.

चिरंजीव भगवंता,

त्या पुन्याच्या पोराले शिकवाले जाजो. नाई गेला तं तो कायबी बोलन, अन् लोकाईले वाटन का आमी तसेच बोलतो. त्याले सांगजो, ले कुठं लावा लागते अन् कुठं नाई. पोरगं शिकाले तयार हाये, तं शिकवाले काय जाते?

वच्छी तुले लिहिते का लोकं हासले म्हनून मी गप झालो. तिले काय मालूम. लोकं तं हासतेच. तुही माय जिती होती तवा तेबी हासे मले. त्याचं काही नाई. त्या दिवशी खुर्चीवाले हासले, मंग आमच्या जमिनीवरचे हासले, अन् मंग मीबी हासलो. मी रडून नोतो राहिलो. वच्छीले अंधारात तसं दिसलं. पोट धरून हासलो मी. पडद्यावर माहाच लेक, माह्याच बोलीत सांगून राहिला का मी चोर नाई, अन् मी समद्याईच्या संगं त्याले हासून राहिलो. काहून हासलो, ते मले अजून समजलं नाई. तवापासून बोलाले तोंड उघडलं का मले माहंच हासनं आयकू येते. म्हनून बोलत नाई. तुहा यात काई कसूर नाई. तू कायले नाई म्हनून कागद वापस धाडला?

धोंड्या मले आवडला नाई, हे सांगतो. एवढं गरीब होऊन कोनी उभं राह्यते काय? मले कोनी चोर म्हटलं असतं तं मी टोपलं आपटलं असतं तिथंच. ते त्या पोराले सांगजो. मान खाली घालू नोको म्हना.

अन् समद्याईले आवडाचं ते काय चालू हाये तुमचं अमरावतीले? मोगराबी समद्याईले आवडत नाई. वकिलाच्या बायकोचं डोकं दुखते मोगऱ्यानं. तिले मी शेवंती देतो. तिच्यावर रागवाले जातो काय मी?

पुन्याचं काम झालं का घरी ये. मोटारीनं येऊ नोको, धूळ लागते. रेल्वेनं ये, अन् खिडकी उघडी ठेवजो.

तू वच्छीजवळ इचारलं, मी बाबाले आवडलो का. मी उठून गेलो कारन मले राग आला. पेपरवाल्याले इचार, पुन्यावाल्याले इचार, परतवाड्याच्या त्या बैलाले इचार. बापाले असं इचारत असतेत काय?